"भाई, डिझेलच घ्या!" हा सल्ला आता कोणासाठी?

पैनगंगेच्या काठचे देऊळघाट आणि जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा यांत अंतर ते किती? दहा-बारा किलोमीटर. समजा, देऊळघाटच्या दोन भावांपैकी थोरल्याचे बुलढाण्यात दुकान आहे. तो सकाळी जातो आणि रात्री परत येतो. धाकटा मात्र कापडाचे गठ्ठे घेऊन आज मलकापूर, उद्या चिखली, परवा खामगाव असे बाजार करतो. दोघांनाही चारचाकी घ्यायची आहे. गॅरेजवर किंवा चहाच्या हॉटेलात विचारले, तर दोघांनाही एकच उत्तर मिळेल, "भाई, डिझेलच घ्या!"

एक काळ असा होता, की हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. आज तो दोघांपैकी एकाच्याच कामाचा आहे. दुसऱ्याने तो मानला, तर लाख-दीड लाख रुपये जास्त मोजून वर गाडीचे दुखणे विकत घेतल्यासारखे होईल. घाम गाळून जमवलेला पैसा गाडीत घालण्याआधी दोन्ही इंजिनांचा स्वभाव आणि दोन्हींचा हिशेब समजून घेणे आपल्या व्यापारी बंधूंच्या फायद्याचे आहे.

डिझेलची सवय कशी लागली

बुलढाणा जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मलकापूर गाठावे लागते. एस.टी. आणि काळी-पिवळी जीप यांच्यावरच इथला व्यवहार चालला. या जीपगाड्या सुरुवातीला पेट्रोलवर चालत. लिटरला सात-आठ किलोमीटरही अॅव्हरेज मिळाले तरी मालक खूश असे. पुढे महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने इगतपुरीच्या कारखान्यात डिझेल इंजिने बनवायला घेतली आणि खेड्यापाड्यांतील वाहतुकीचे गणितच बदलले. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल गाडी होती, त्यांनी तिचे इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवून घेतले. हे काम करणाऱ्या मिस्त्रींना त्या काळी फुरसत नसे.

साध्या मोटारीत डिझेल आले ते अॅम्बेसेडरमधून. खऱ्या अर्थाने ते घराघरांत नेले पुण्याच्या टाटा इंडिकाने. १९९८ च्या डिसेंबर अखेरीस ती बाजारात आली. एकाच १४०५ सीसीच्या मापात पेट्रोल आणि डिझेल अशी दोन्ही इंजिने या गाडीत मिळत. डिझेलची ताकद कमी होती, आवाज जास्त होता, तरी गिऱ्हाईक डिझेलवरच तुटून पडले. कारण उघड होते. नव्वदच्या दशकात डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास असे. शेतकऱ्याचा पंप, ट्रक आणि एस.टी. यांच्यासाठी सरकारने तो खाली धरून ठेवला होता. मोटारवाल्यांनी त्या सवलतीचा फायदा उचलला, एवढेच. म्हणजे आपल्या डिझेलप्रेमात इंजिनाचा गुण काही अंशी होता आणि सरकारी भावाचा गुण बऱ्याच अंशी होता. दोन्हींची गल्लत झाली, ती आजतागायत चालू आहे.

इंजिनाचा गुण तेवढा खरा

जर्मनीच्या निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले. आजची पेट्रोल गाडी त्याच वंशाची. रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअरने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी केले. त्याचेच नाव आपण रोज पंपावर घेतो. हा माणूस पुढे १९१३ मध्ये जहाजातून इंग्लंडला जाताना वाटेतच नाहीसा झाला. असो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने ते पेट घेते. डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नाही. तिथे फक्त हवा दाबतात, तीही पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. पेट्रोल इंजिन मिश्रण साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत दाबते. डिझेल इंजिन हवा सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे आपण जाणतो. तसेच इथे होते, पण इतके, की त्या हवेत नोझलने डिझेल फवारताच ते आपोआप पेटते. जितका दाब जास्त, तितके इंधनातून काम जास्त निघते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त उष्णता असते. डिझेलला अॅव्हरेज जास्त मिळते, ते या दोन कारणांनी.

तिसरेही एक कारण आहे. पेट्रोल गाडीत आपण पाय उचलला, की हवेचा रस्ता अर्धवट बंद होतो आणि इंजिनाला श्वास कोंडल्यासारखे होऊन दम वाया घालवावा लागतो. डिझेलला ही अडचण फारशी नसते. म्हणून बाजारातल्या गर्दीत रांगत चालताना किंवा उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवल्यावर डिझेल कमी पिते.

आता ताकदीचे बघू. इथे लोकांचा सर्वात जास्त गोंधळ होतो. एकच गाडी घेऊ, म्हणजे तुलना सरळ होईल. २०१८ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टमध्ये ११९७ सीसीचे पेट्रोल इंजिन ८३ अश्वशक्तीचे होते आणि १२४८ सीसीचे डिझेल ७५ अश्वशक्तीचे. कागदावर पेट्रोल वरचढ. पण ओढ, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात, ती पेट्रोलची ११३ एनएम आणि तीही इंजिन मिनिटाला ४२०० फेरे फिरल्यावर. डिझेलची ओढ १९० एनएम आणि ती अवघ्या २००० फेऱ्यांवर हाताशी.

टॉर्क म्हणजे काय, हे मिस्त्रीला सांगावे लागत नाही. चाकाचा नट जाम झाला, की तो पान्याला लांब पाइप लावतो. हाताची ताकद तेवढीच, पण पीळ वाढतो. डिझेल इंजिन हे जणू पाइप लावलेला पाना आहे. पेट्रोल इंजिन आखूड पान्याने भराभर फिरवणारा हात आहे. अश्वशक्ती म्हणजे पीळ आणि वेग यांचा गुणाकार. त्यामुळे पेट्रोल जास्त फेरे मारून अश्वशक्तीत पुढे जाते, पण कमी फेऱ्यांवर त्याच्याकडे ओढ नसते.

हे प्रत्यक्ष बघायचे, तर राजूर घाटात जावे. बुलढाणा उंचावर आणि मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मोताळ्याकडून वर येताना गाडीत पाच माणसे आणि मागे माल असला, की पेट्रोल गाडीला वळणावळणाला दुसऱ्या गिअरमध्ये टाकून रेस करावी लागते. डिझेल गाडी तिसऱ्यात गुमान चढते. बोथा घाटातही तोच अनुभव. रोज भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याला डिझेलचे हे सुख खरे आहे आणि ते कोणी नाकारू नये. पण रिकाम्या गाडीत एकटा माणूस सपाट रस्त्याने बुलढाण्याला जात असेल, तर १९० एनएमची ओढ त्याच्या काय कामाची? तिथे पेट्रोल इंजिन शांत चालते, हलके असते आणि थंडीच्या दिवसांत हिटरची वाट न बघता सेल्फ मारताच सुरू होते.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगून ठेवतो. उतारावर डिझेल वाचवायला काही जण इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ इंजिनाच्या जिवावरच तयार होते. इंजिन बंद झाले, की दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. शिवाय आजच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन आपणहून तोडतात, म्हणजे वाचत काहीच नाही. चार आण्यांच्या डिझेलपायी जीव टांगणीला लावू नये.

वही काय म्हणते

आता हिशेबाकडे येऊ. त्याच स्विफ्टचे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेले अॅव्हरेज पेट्रोलला २२ आणि डिझेलला २८.४ होते. हे आकडे प्रयोगशाळेतले असतात. रस्त्यावर त्यातले वीस-पंचवीस टक्के सोडून द्यावेत. आपण पेट्रोलला १७ आणि डिझेलला २२ धरू. भाव हिशेबापुरते पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरतो. वाचकांनी त्या दिवशीचा आपल्या पंपावरचा भाव घालावा.

पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ६ रुपये १८ पैसे लागतात, डिझेलला ४ रुपये १८ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे दोन रुपये वाचले. पण डिझेलचे ऑइल, फिल्टर, क्लच आणि नोझलचे काम महाग पडते. त्यापोटी किलोमीटरमागे ४० पैसे बाजूला काढले, तर हाती राहतात १ रुपया ६० पैसे. २०१८ ची स्विफ्ट डिझेलमध्ये घेताना त्याच दर्जाच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरोबर एक लाख रुपये जास्त पडत. हा एक लाख वसूल व्हायला गाडी ६२,५०० किलोमीटर चालली पाहिजे.

थोरला भाऊ दिवसाला २५ किलोमीटर चालवतो. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर साडेसात हजार किलोमीटर होतात. त्याचे लाख रुपये वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त काळ जाईल. धाकटा दिवसाला शंभर किलोमीटर करतो, म्हणजे वर्षाला ३० हजार. त्याचे पैसे दोन वर्षांत सुटतात आणि पुढे दर वर्षी जवळजवळ अठ्ठेचाळीस हजार रुपये खिशात पडतात. आजच्या नव्या गाड्यांत हा फरक लाखाच्या वर गेला आहे. दीड लाख धरला, तर वसुलीला ९३,७५० किलोमीटर लागतात. धाकट्याला तीन वर्षांहून थोडे जास्त आणि थोरल्याला साडेबारा वर्षे!

पूर्वी असे का नव्हते? मे २०१२ चे दिल्लीचे भाव पाहा. पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. त्या भावात पेट्रोल गाडीचा किलोमीटर डिझेलच्या २.३ पट महाग पडे. वरच्या हिशेबात तोच दीडपटीच्याही आत आहे. मधल्या काळात घडले ते असे. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये मोकळा झाला. डिझेलला जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढ सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे झाले. २४ जून २०२० रोजी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकले गेले. करांमुळे का होईना, पण असे घडू शकते हे देशाने पाहिले. ज्या सवलतीच्या पायावर डिझेल मोटारीची इमारत उभी होती, तो पायाच निघाला. २०१२-१३ मध्ये देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. दहा वर्षांत तो वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आला.

पेट्रोलवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. उसापासून, तांदळापासून आणि आपल्या भागात पिकणाऱ्या मक्यापासूनही ते बनते. शेतकऱ्याला त्याचा भाव मिळतो हे चांगलेच. पण इथेनॉलमध्ये उष्णता कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे, की जुन्या धाटणीच्या चारचाकीचे अॅव्हरेज यामुळे सहा-सात टक्के घटते आणि नव्या, त्यासाठी बनवलेल्या गाडीचे एक-दोन टक्के. जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्याने १७ च्या जागी १६ धरून हिशेब करावा.

छोट्या फेरीचे दुखणे

पैशाचा हिशेब बाजूला ठेवला, तरी थोरल्या भावाने नवी डिझेल गाडी घेऊ नये, असे आमचे मत आहे. त्याचे कारण सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली एक जाळी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चा नियम लागू झाला. डिझेलची काजळी बाहेर पडू नये म्हणून तेव्हापासून गाडीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो काजळी धरून ठेवतो आणि इंजिन चांगले तापले, की ती जाळून मोकळा होतो. त्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर बऱ्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे चालावी लागते. दहा किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या, गर्दीत रांगणाऱ्या गाडीत तो कधी पुरता तापतच नाही. काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दुर्लक्ष केले तर गाडीचा दम जातो. बदलायची पाळी आली, तर बिल बघून डोके धरावे लागते. काही गाड्यांत युरियाचे पाणीही वेगळे भरावे लागते. मलकापूर-खामगाव करणाऱ्या धाकट्याला हे दुखणे सहसा होत नाही. त्याची जाळी रस्त्यातच साफ होते.

याच नियमाच्या खर्चामुळे मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. छोट्या मोटारींतून डिझेल जवळपास हद्दपार झाले. ते टिकले आहे बोलेरोसारख्या ओढणाऱ्या गाड्यांत आणि मोठ्या मोटारींत. बीएस-६ बोलेरोचे १४९३ सीसीचे इंजिन ७६ अश्वशक्तीचेच आहे, पण ओढ २१० एनएम. खेड्यातला रस्ता, सात-आठ माणसे आणि टपावर सामान, यासाठी ते ठीकच आहे.

मिस्त्री बंधूंसाठी दोन शब्द

आपल्या समाजातील किती तरी घरांची चूल गॅरेजवर पेटते. पंप-नोझलचे काम हा त्यातला मानाचा हुन्नर. मायकोचा पंप खोलून, कानाने आवाज ऐकून टायमिंग बसवणारे उस्ताद गावोगावी होते आणि अजूनही आहेत. त्या मायकोचे नाव २००८ पासून बॉश झाले. नाशिकच्या तिच्या कारखान्याची नोझले आपल्या मिस्त्रींच्या हातून हजारोंनी गेली असतील. पण आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार ते दोन हजार पट हवेच्या दाबाइतका असतो आणि फवारा कॉम्प्युटर ठरवतो. तिथे कान पुरत नाही. स्कॅनर लागतो आणि तो वाचता यावा लागतो. चालू इंजिनात नोझलची नळी सैल करून बघण्याची जुनी सवय तर इथे जिवावर बेतू शकते. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

मुलाला याच धंद्यात आणायचे असेल, तर आयटीआयमधील "मेकॅनिक डिझेल" हा एक वर्षाचा किंवा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याला करू द्यावा. हाताखाली शिकलेला हुन्नर वाया जात नाही, पण कागद आणि स्कॅनर या दोन्हींशिवाय नव्या गाडीचे बॉनेट उघडता येणार नाही. आणि पत्र्याच्या बंद शेडमध्ये डिझेल गाडी चालू ठेवून काम करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकले आहे. ज्या धुरात आपण दिवस काढतो, त्याच्याबद्दल एवढे तरी माहीत असावे.

जुनी गाडी रोखीने घेणाऱ्यांना

व्याजाच्या भानगडीत न पडता रोख पैशांत जुनी गाडी घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे आज स्वस्त डिझेल गाड्यांचा ढीग आहे. त्यातल्या कित्येक दिल्लीकडच्या असतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये कोर्टाने त्या कारवाईला काही प्रमाणात आवर घातला. पण तोवर हजारो गाड्या मिळेल त्या भावात इतर राज्यांत निघून आल्या होत्या. गाडी वाईटच असेल असे नाही. मात्र तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र आणि इकडे एमएच-२८ मध्ये नाव चढण्याची खात्री झाल्याशिवाय पैसा देऊ नये. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या गाडीला पुन्हा नोंदणी, फिटनेस आणि हरित कर हा खर्च येतो. नुसती मोटारीची फेरनोंदणी फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. हा खर्च भाव ठरवतानाच वजा करून घ्यावा.

इंजिन बघताना धुराकडे लक्ष द्यावे. रेस केल्यावर काळा धूर सुटला, तर नोझल किंवा एअर फिल्टरचे काम असते, ते सुटण्यासारखे आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तिथून पाय काढता घ्यावा. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर चालतो, इंजिन तापल्यावरही राहिला तर नाही. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. आतून भात्यासारखे फुंकर मारीत असेल, तर रिंगा गेल्या. टर्बोच्या पाइपात बोट फिरवून ऑइल किती लागते, तेही पाहावे.

आणि मुख्य गोष्ट, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. मी स्वतः एकदा एका डीलरकडून दुपारी जुनी डिझेल गाडी घेतली. त्याने ती आधीच फिरवून आणून उभी केली होती. अर्ध्या सेल्फवर सुरू झाली आणि मी भुललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ढकलायला गल्लीतली चार पोरे लागली. तेव्हापासून गाडी बघायला गेलो, की आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागले, तर मालकाचा चहा घेतो, सलाम करतो आणि दुसऱ्या दिवशी फजरनंतर, त्याने किल्ली फिरवण्याआधी, त्याच्या दारात हजर होतो.